चांगदेवरावांना न उमगलेलं मशीन

पूर्णा, भिवंडी
दसऱ्यानंतरचा सहावा दिवस, २००८

चि. सौ. गोदूस थोरल्या बहिणीचे, म्हणजे रंगूचे, पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा हाय? माझाही दुखतो, पण तुझ्यासारखा मी तो दर पत्रात चार ओळी मिरवत न्हाय. गाय व्यायली का? पत्र मी स्वतः लिहिते आहे, तिसरी पास आहे मी. तू दुसरीतच शाळेच्या कुंपणावरून पळालीस, तरी अडलीस तर करिष्माकडून वाचून घेऊ नको. लेक तुझी, पण सगळं नवऱ्याला सांगते, आणि हे पत्र तुझ्या जावयाने वाचण्यासारखं न्हाय.

तर आपल्या गोदामात एक छपाईवाला भाडेकरू होता, तो दापोड्याला गेला. जाताना एक पांढरं, पोट सुटलेलं कॉम्प्युटर टाकून गेला. त्याच्यावर चावा घेतलेल्या सफरचंदाचं चित्र आहे. (उष्टं फळ कोण चितारतं गं? पण असो.) त्याला मॅक म्हणतात. आमच्या मनोजची ऋतिका त्याला घरी घेऊन आली. आता त्याच्यात नवी सिस्टीम घालायची तर ती दारातच विचारते, तुझा वेग किती? कमी असला की चालता हो, नवं मशीन आण. सहा-सात वर्षांचं पोर, त्याला म्हातारं म्हणतात! आमच्या शेजारच्या नूर मोहम्मदचे लूम माझ्या लग्नाआधीचे, बंद गिरणीतून आणलेले, अजून खडखड करून अख्ख्या गल्लीला दुपारची झोप घेऊ देत न्हायत. त्यांना कुणी वेग विचारला का?

ऋतिकाने काय केलं, एक एवढासा प्रोग्राम लिहिला. तो दारात उभा राहून धडधडीत खोटं सांगतो की आमचा वेग भरपूर आहे. (मला तूच आठवलीस, एसटीत पासष्ट वर्षांची होणारी आणि लग्नघरात पन्नाशीची.) एकदा आत गेलं की मशीन झकास चालतं, दारातच काय तो नखरा. तिने तो प्रोग्राम इंटरनेटवर जगाला फुकट देऊन टाकला. अर्धे लोक दुवा देऊ लागले. उरलेल्या अर्ध्यांचं एकच रडगाणं, सफरचंद दिसतं, खाली चक्र फिरतं आणि फिरतच राहतं. आमच्याही मशीनचं तेच. बारा दिवस पोरगी त्या चक्राकडे बघत जेवली.

तेव्हा मनोज म्हणाला, दसऱ्यापर्यंत चालू झालं तर मशीन ठेव आणि मुंबईच्या मोठ्या कॉम्प्युटर क्लासला जा. न्हाय झालं तर ते भंगारात आणि तू आपल्या मानकोलीच्या गोदामात मालाची चलनं लिहायला. पोरीचा चेहरा एवढासा झाला. म्हणून, माझी अक्कल बघ, मी तुझ्या जावयाला बोलावलं.

चांगदेवराव आले. ठाण्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे ना, म्हणून काळा चष्मा लावूनच घरात आले आणि उंबऱ्याला अडखळले. तीन तास बसले. पाच कप चहा, दोन ताटल्या भजी. मशीनवर टिचकी मारली, कान लावला, पंख्याला शिव्या दिल्या, भिवंडीच्या विजेला शिव्या दिल्या. मशीनला फोटो उतरवून घ्यायचा एक चपटा डबा जोडलेला होता, स्कॅनर म्हणतात, त्याच्यावर कप ठेवत होते. शेवटी म्हणाले, "मावशी, बोर्ड गेलंय. भंगारात घाला." भजी संपल्यावरच गेलं बरं ते बोर्ड!

दसऱ्याला सकाळी ऋतिका परत चक्र फिरवत बसली होती, मग झेंडू आणायला गेली. मी बघितलं, नूर मोहम्मदचे लूमसुद्धा आज बंद, हार घातलेले, आणि आमच्याच घरात यंत्राला विसावा न्हाय? ओढला प्लग. मागे इतकी धूळ की काय सांगू, सगळ्या शेपट्या उपटल्या, पुसून काढलं, हळदकुंकू लावलं, वर आपट्याचं पान ठेवलं. शेपट्या परत लावायला गेले तर तीनच भोकं सापडली, विजेचं, टायपायच्या पाटीचं आणि उंदराचं. बाकीच्या फडक्याखाली दडवल्या.

ऋतिका आली, किंचाळली, "आजी, मध्येच बंद केलंस?" मी देवघरात जाऊन बसले. (भिऊन न्हाय, फुलं मोजायची होती.) तिकडे पोरीने परत बटण दाबलं, ढँऽऽ असा आवाज झाला, थोड्या वेळाने चक्र थांबलं आणि पडदा निळाशार उजळला! पोरीने मग एकेक शेपटी लावून बघितली. ज्या डब्यावर तुझ्या जावयाने पाच कप ठेवले, तोच लावला की चक्र सुटेना. तीन तास चोराच्या टाळक्यावर कप ठेवून हे चोर शोधत होते.

आता प्रोग्रामबरोबर पहिलीच सूचना जाते, आधी सगळ्या जादा वायरी काढा. खाली लिहिलंय, शोध रंगूबाईंचा. जर्मनीतल्या एका माणसाने माझ्या हुकमाने वायरी काढल्या आणि आभार मानले. मनोज शब्दाला जागला, ऋतिका काल क्लासला गेली. तुझ्या जावयाचे कुणी आभार मानलेत का गं?

तुझीच,
रंगू

ता. क. मनोज देवीला वणीला गेलाय, सोमवारी येईल. तोवर मला वाटलं, त्याचंही गोदामाचं कॉम्प्युटर पुसावं. त्याला अकरा शेपट्या होत्या. तीन लावल्या. ते ढँ करत न्हाय. चक्रसुद्धा फिरत न्हाय. मनोजला कळलं तर दोन्ही मशीनं भंगारात, आणि पोरगी मानकोलीला.

ता. क. दुसरा. फोन केला असता, पण आमच्या फोनवर सगळं घर कान देतं. पत्र विठूच्या टेम्पोतून पाठवते आहे. कागद संपला, नवं लिहायला जागा न्हाय, म्हणून इथून कात्रीने काप, वरचं चुलीत घाल आणि खालचं तेवढं जावईबापूंना दे.

रा. रा. चांगदेवराव यांस मावशीचे आशीर्वाद. तुमच्यासारखा जाणकार अख्ख्या ठाणे जिल्ह्यात न्हाय, हे मी गोदूला कायम सांगते. रविवारी विठूच्याच टेम्पोत बसून गुपचूप यावे. भजी तयार आहेत. कप ठेवायला वेगळं स्टूल मांडलं आहे.