नातीच्या बुटांना एरंडेल

मंगळवार, संध्याकाळ. पोलादपूर.

ह्यांचा गुडघा बरा. सूनबाईचा खोकला गेला. माझं नेहमीचंच. दुखतोय तो मुक्ताचा पाय, आणि कारण मीच.

मुक्ता माझी नात, पुण्यात फ्लामेंको शिकते. टाचा आपटत नाचायचा स्पेनचा नाच. गेल्या महिन्यात आली तेव्हा नव्या बुटांनी बोटांना फोड आणले होते. चप्पल चावली की आपण एरंडेल चोळतो, तसं मी तिला न विचारता बुटांना आतून चोळलं. का नाही विचारलं?

आज तिचा फोन. "आजी, बूट ढिले झालेत. टाच आपटली की पाय पुढे सरकतो, सगळा भार बोटांवर. नख काळं पडलंय, आणि रविवारी कार्यक्रम!"

"मग अनवाणी नाच गो. आपले बाल्ये गणपतीत अनवाणीच नाचतात की."

"आवाज बुटाच्या टाचेला ठोकलेल्या खिळ्यांचा येतो. वाजणार काय, माझं कपाळ?"

लगेच महाड गाठलं. चप्पलवाले दामूभाऊ म्हणाले, "काकी, ताणलेलं चामडं आता आवळायचं नाय. आत जादा तळ घाला." तिच्या जुन्या चपलेच्या मापाने दोन तळ कापून घेतले, एसटीने धाडले. या खेपेला तिला विचारून.

सोबत चिठ्ठी: पाय सरकायचा थांबला का, लगेच लिही. नाचली नाहीस, तरी लिही.