राखणीला बसलेली

३ फेब्रुवारी १९६२
घाटंजीहून बैलगाडीनं सावळदरीला पोचले. एम. ए.ची पुस्तकं ट्रंकेत आहेत. सकाळी जंगलाचं काम, दुपारी अभ्यास. गावामागच्या सागबनाला अलीकडे दर उन्हाळ्यात वणवा लागतो. म्हणून आम्ही स्वयंसेवकांनी पाला झाडून जाळरेषा काढायच्या. मधे मोकळी पट्टी असली की आग पुढं सरकत नाही. गावच्या महिला मंडळाच्या विमलताईंनी मला स्वतः उतरवून घेतलं. स्वयंपाकघरात, चुलीपाशी जेवायला बसवलं, त्यांच्याच तांब्यातलं पाणी दिलं. माझ्या आजीला असल्या घराच्या ओट्यावर पाय ठेवता आला नव्हता. निघताना बाबा म्हणाले होते, "जेवाले घातलं तं जेवजो. पण काहून घालून राह्यले, थेही पाह्यजो." बाबांना अजून जुनंच दिसतं.

६ फेब्रुवारी
सागाचा पाला घोट्यापर्यंत येतो, पाय पडला की पापड मोडल्यासारखा वाजतो. खराट्यानं हाताला फोड आले, तरी छान वाटतं. दुपारी मोठ्या मोहाखाली वाचत बसले. दरीकडून कुणीतरी झाडत असल्याचा आवाज येत होता. सगळे तर जेवायला घरी गेलेले. मोहाखाली मात्र एक पान नव्हतं.
जेवताना विमलताईंनी सहज विचारलं, तुमच्या घरी आता देव नाहीत म्हणतात, खरं का? मी अभिमानानं सांगितलं, छप्पनला दीक्षा घेतली तेव्हा आईनं देवांचे सगळे टाक नदीत सोडले. एकही ठेवला नाही? एकही नाही. त्यांनी माझ्या भाकरीवर आणखी तूप घातलं.

९ फेब्रुवारी
चावडीवर बैठक झाली. विमलताईंचे यजमान रामराव यांनी विचारलं, यंदा राखणीला कोण बसणार? सगळ्यांनी माना खाली घातल्या. वणव्यावर नजर ठेवायची, त्यात एवढं काय? मी हात वर केला. "हात नोको दाखवू, बाई, तोंडानं सांग," रामराव म्हणाले. मी म्हटलं, मी बसते राखणीला.
विमलताईंनी हिरवं लुगडं देऊन माझी ओटी भरली. कुमारिकेची ओटी कशी, म्हटलं तर म्हणाल्या, आता तू जंगलाची लेक. एक म्हातारी माझ्या पाया पडली. आमच्या माणसाच्या पाया. मला रडू आलं.

१२ फेब्रुवारी
मी झाडते, तेव्हा पलीकडे कुणी झाडतं. मी थांबले की तेही थांबतं. आज पाठ दिसली. हिरवं लुगडं, मातीत कुजल्यासारखं. हाक मारली. वळली नाही.

१३ फेब्रुवारी
सरपण वेचणाऱ्या सुखीबाईला सांगितलं. ती मोळी टाकून खाली बसली. "एखादा देव तं ठेवाचा होता, माय."
ती भुरीबाई, म्हणाली. आधीची राखण. भुकेपायी चांदीचे टाक विकून गावात आली होती. ज्याचा देव मागं शोधत येतो, त्याला हा डोंगर परत करतो, आणि मग सगळं जळतं. जिच्यामागं कुणी येत नाही, ती ठेवून घेतो. भुरीबाई आता थकली, म्हणून वणवे पुन्हा लागायला लागले.
राखण बसणं म्हणजे नजर ठेवणं नाही. डोंगराला माणूस ठेवून देणं.
घरी परतले, तर मागच्या अंगणात विमलताई माझी थाळी विस्तवातून काढत होत्या. तांब्याही. रोजच काढत असतील.

१४ फेब्रुवारी
विमलताईंना विचारलं. त्यांनी भाकरी थापणं थांबवलं नाही. "तू तं भूतखेत मानत नाहीस न? मंग भ्याचं कायले?"
माझी ट्रंक त्यांनी सकाळीच दारव्ह्याला, आमच्या घरी धाडली होती. मी इथून निघाले, असा बाबांना निरोपही गेला—
कुणी अडवलं नाही. घाटंजीची वाट धरली.

दुपार
वाट स्वच्छ झाडलेली. मोहाशी आले. दुसरी धरली. तीही झाडलेली. मोह.

समोर उभी आहे. झाडणं थांबलं. खराटा माझ्याकडे धरलाय— तोंड नाही, नुसता पाला— मी मानत नाही. मी कशालाच—

बाबा, जेवले मी. काहून घातलं ते पाह्यलं. उशिरा—

हातात खराटा आहे. कधी घेतला

पाला फार पडलाय. एवढं झाडते, मग लिह