मामांचं मॉड्यूल आणि बाबांचे कान

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तुमचा गुडघा आणि मामींचा रक्तदाब दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो.

तुम्ही पाठवलेलं, हेडफोनचा आवाज वाढवणारं अ‍ॅम्प्लिफायर मॉड्यूल मिळालं. पंधरा दिवस ऐकून खरं मत कळव आणि परत पाठव, असं लिहिलं होतंत, म्हणून खरंच लिहितो. गाण्यांच्या प्लेअरचं झाकण उघडायचं, जुनं काढायचं, नवं सरकवायचं, काम एवढंच. स्क्रू दोनच, पण तिळाएवढे. एक सतरंजीत पडला म्हणून मी आणि तुमची भाचेसून पाऊण तास रांगलो (तो माझ्याच कोपराला चिकटला होता. तिने काढून दिला आणि वर माझं कोपर पुसलं, हे जास्त लागलं). मग मी माझे छोटे हेडफोन घालून, डोळे मिटून आवाजाच्या खोलीचं कौतुक केलं. ती पडली हाडाची शिक्षिका. दाराआड जाऊन ती मॉड्यूल बदलायची किंवा तेच ठेवायची, आणि मी ओळखायचं. दहापैकी चार बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते, असं तिने प्रेमाने सांगितलं.

मी हिरमुसलो, तेवढ्यात बाबा त्यांचे कपाटातले जुने, वजनदार हेडफोन घेऊन आले. चार वर्षं ते जेवताना सगळ्यांच्या बोलण्यावर नुसते हसतात, हे तुम्ही पाहिलंच आहे. (त्यांच्या मते कान ठीक आहेत, जगच पुटपुटायला लागलंय.) जुन्या मॉड्यूलवर आवाज पूर्ण वाढवला तरी त्या हेडफोनमधून मुंग्या कुजबुजल्यासारखं यायचं. नव्यावर अर्ध्यातच काम झालं. मी आईने कॉलेजात गायलेल्या गाण्याचं रेकॉर्डिंग लावलं. बाबा ताठ बसले. म्हणाले, "इथे हिने श्वास घेतलाय." तीनदा ऐकून स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हणाले, "अंतऱ्यात तू घसरलीस." आई त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, "चाळीस वर्षांनी कळलं?" दोघं तासभर भांडले. इतकं सुखाचं भांडण घरात कित्येक दिवसांत झालं नव्हतं. दुसऱ्या सकाळी बाबा आपणहून म्हणाले, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या. आता कानात यंत्र आहे आणि आईशी गप्पा चालू आहेत. मामा, तुमचे उपकार कोणत्या शब्दांत मानू?

आपला,
भाचा

ता. क. मॉड्यूल बाबा परत देत नाहीत. पंधरा दिवस अजून व्हायचेत म्हणतात. महिना झाला.

ता. क. २. चार वर्षं आम्ही त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी निर्धास्त बोलत आलो. ती सवय सुटत नाही. परवा मी त्यांच्या पाठीमागे उभा राहून त्यांच्या नव्या शर्टाविषयी बोललो. तुमच्याकडे आठवडाभर राहायला येऊ का?