वहिनींचं हसू

रविवार संध्याकाळ, कोपर

गुलमर्गहून आज परतलो. आठवडाभर कधी ऊन, कधी धुकं, दोन दिवस तर नुसता पाणचट बर्फ. "दादाला जाऊन वर्षही झालं नाही आणि वहिनीला खेळायला नेतोस?" असं आत्या निघताना म्हणाली होती. ते बोचत होतंच.

गुरुवारी वहिनी स्कीसकट आडव्या पडल्या. मी हात पुढे केला, तर खदखदून हसत म्हणाल्या, "राहू द्या भावजी, माझी मी उठते." तीनदा घसरल्या, तरी तेच हसू. दादा त्यांना रस्तासुद्धा हात धरून ओलांडायला लावायचा. त्याच्यासमोर त्या अशा हसल्याचं आठवत नाही. की मीच पाहिलं नाही?

मघाशी आत्याने विचारलं, "दमलीस ना गं?"

"पुढच्या वर्षी परत जाणार, आत्या. एकटीच."

आत्या माझ्याकडे बघत राहिली, मी वहिनींकडे.