फादरांची कवळी आणि माझी पापं

१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय ताई,

नमस्कार, आणि तोही वाकून. चौदा महिने पत्र नाही, फोन नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. 'वेळ मिळाला नाही' असं लिहिलं होतं, पण ते खोटं म्हणून खोडलं. खाडाखोड वाईट दिसते म्हणून कागद बदलला. आणि आता कागद बदलल्याचं लपवणं बरं नाही म्हणून तेही सांगते. (बघ, मी अजून तश्शीच आहे.) खरं कारण तुला ठाऊक आहे. आई गेल्यावर आत्या आणि काकांच्या देखत मी म्हणाले, ताईनं नीट खाऊ घातलं असतं तर आई एवढी सुकली नसती. तू उठून आत गेलीस. तेव्हापासून आपलं बोलणं बंद. तुझी कंबर कशी आहे? भावोजींची साखर? (हे विचारायचा मला हक्क आहे का, यावर दोन दिवस विचार केला. शेवटी कंबरेचा या भांडणाशी काही संबंध नाही असं ठरवलं.)

तर झालं असं. आमची लॅब दातांच्या डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावर आहे हे तुला माहीत आहेच. खालून तोंडाचं माप येतं, आम्ही प्लास्टरचा साचा करून त्यावर कवळी घडवतो. ऑगस्टमध्ये एक म्हातारे फादर नव्या कवळीची चौकशी करायला स्वतःच जिना चढून वर आले आणि जाताना हातातलं पुस्तक विसरून गेले. संतांची चरित्रं, रोज एक. नाव-पत्ता सापडतो का बघायला मी ते उघडलं आणि तिथेच अडकले. (पत्ता खाली डॉक्टरांकडे होता. मी विचारला नाही. दुसऱ्याचं पुस्तक असं वाचणं चोरीत मोडतं का, यावर डायरीत चार पानं भरली. निकाल लागला नाही, वाचन चालू राहिलं.)

मला वाटायचं, संत म्हणजे डोक्यामागे उजेड आणि नजर आभाळात. पण ही माणसं बरीचशी आपल्यासारखीच चिडकी निघाली. एक जण सदतीस वर्षं खांबावर राहिला; त्याचा मला उपयोग नव्हता. पण ती छोटी तेरेजा! प्रार्थनेच्या वेळी तिच्या मागची एक सिस्टर शिंपल्यावर शिंपला घासावा तसा आवाज काढायची. तेरेजाला वाटायचं, वळून डोळे वटारावेत. रागानं घाम फुटायचा. मग तिनं ठरवलं, हे संगीत आहे असं समजून ऐकायचं. ताई, मी खुर्चीतून उठलेच. कारण लॅबमध्ये माझ्या मागे टकटकराव बसतात (नाव मीच ठेवलेलं). कामात विचार करायचा झाला की हे गृहस्थ समोरच्या कवळीचे वरचे दात एका हातात, खालचे दुसऱ्या हातात घेऊन वाजवतात. तीन वर्षं झाली.

मी अकरा दिवस संगीत ऐकलं. बाराव्या दिवशी वाटलं, नुसतं सोसून काय, मनातलं कबूल करायला हवं. चहाच्या वेळी त्यांना सांगितलं, की तीन वर्षं मी मनातल्या मनात तुमचा तिरस्कार करते आहे, क्षमा करा. त्यांचा कप ओठाजवळच थांबला. "तीन वर्षं? मग माझ्या डब्यातली भाजी कशी चालत होती हो?" आता ते जिन्यात जाऊन वाजवतात. (जिन्यात ते घुमतं. खाली बसलेले पेशंट दचकतात, अशी डॉक्टरांची तक्रार आहे.) मी आत बोलावलं तर म्हणतात, "नको मॅडम, आता लाज वाटते." माझं मन हलकं झालं आणि ते ओझं त्यांच्या डोक्यावर गेलं. यातून शहाणं व्हावं की नाही? मी मालकांकडे गेले आणि पाच वर्षांपूर्वी खोटं डोकं दुखवून घेतलेली अर्धी रजा कबूल केली. मालक म्हणाले, "बाई, साचे भरा."

सोमवारी फादर परत आले. नवी कवळी टोचत होती. मी पुस्तक दिलं आणि लगोलग माझ्या पापांची यादी ऐकवली, एकूण सात. त्यांची कवळी माझ्या हातात, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं वाऱ्यावर. म्हणाले, इग्नेशियसचं पान वाचलंत ना? तोही तीच ती पापं उगाळत बसायचा, शेवटी त्याला बास म्हणावं लागलं. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "एवढं बारीकसारीक झाडताय. कोपऱ्यात काय झाकून ठेवलंय?"

मी म्हटलं, काही नाही. बाकी इकडे सर्व ठीक. भावोजींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. 'काही नाही' हे खोटं होतं, आणि वरचं सगळं पाल्हाळ इथवर यायला उशीर व्हावा म्हणून होतं. फादरांच्या प्रश्नानंतर मी विषय बदलला आणि सवयीनं म्हणाले, "नवीन आहे, टोचणारच. सवय होईल." आणि माझेच शब्द मला ऐकू आले. आईला फोनवर मी तीन वेळा हेच सांगितलं होतं. तू म्हणत होतीस, अगं तिला चावता येत नाही, एकदा येऊन बघ. मी म्हणाले, तू तिला कवळी रोज घालतच नसशील.

चष्म्याबरोबर तू आईची कवळी माझ्या हातात ठेवली होतीस. चौदा महिने ती खणात होती. सोमवारी लॅबमध्ये ठेवलेल्या आईच्या साच्यावर ती चढवली आणि दात टेकतील तिथे ठिपका उमटवणारा निळा कागद मध्ये धरून दात मिटवले. उजवीकडे सगळे ठिपके, डावीकडे एकही नाही. उजव्या दाढा केसभर उंच. मी केलेल्या. फादरांची कवळी मी पाच मिनिटांत घासून दिली. आईलाही तेवढाच वेळ लागला असता.

ता. क. २. माफी मागत नाही, मागणं वेगळं आहे. एक डिसेंबरला रविवार आहे. आत्या आणि काकांना चहाला बोलावशील? ज्यांच्या देखत तुला बोलले, त्यांच्याच देखत सांगायचं आहे. कवळी आणि निळा कागद घेऊन येईन. पण टकटकरावांवरून एवढं कळलं आहे, की माझं मन हलकं व्हावं म्हणून तुझ्या घरात गर्दी करायची नाही. तुला नको असेल तर तसं कळव. मी त्यांच्या घरी जाऊन एकेकाला सांगेन. सांगणार हे नक्की.

उद्याचं काम: हे पत्र पुन्हा न वाचता पेटीत टाकणे.