नातीची इंग्रजीची वही

नाना, तुम्ही जाऊन तीसेक वर्षं झाली. मी दुसरीपर्यंतच शिकलेली, अक्षर वेडंवाकडं आहे. पण तुम्हाला, माझ्या बापाला, तेवढंही येत नव्हतं, तेव्हा नावं कोण ठेवणार.

माझी नात यंदा पाचवीत गेली, तिला इंग्रजी लागलं. दिवाळीआधी एका संध्याकाळी मी भाकरी थापतेय आणि ती चुलीपुढं वही घेऊन बसलीय. "आजे, गाय एक आसली की काऊ, लई आसल्या की काऊज. शेवटी नुसता यस लावायचा." मी विचारलं, "आन् पेट्या?" "बॉक्सेस. तितं ई पन लागतो." मी म्हटलं, "आपल्या ऊसतोडीत नवरा-बायको दोगं मिळून एकच कोयता धरतो मुकादम. त्याला काय लावशील?" ती हसायला लागली.

तेवढ्यात माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, आत आला. सून ओली बाळंतीण. दोघं ऊस तोडणार, मग तान्ह्याला कोण धरणार? "आई, हिला संगं नेतो. हंगाम सरून पट्टा पडला की बसंल परत शाळंत." पोरीनं वही मिटली. तुम्ही धाकट्या भावाला माझ्या काखेला दिलंत, तेव्हा मीही अशीच पाटी खाली ठेवली होती. परत बसशील, असं तुम्हीही म्हणाला होतात.

"लेकरू मी धरते," मी म्हटलं. "ही ऱ्हाईल केडगावला, आत्याकडं."

"आन् तुजं गुडघं?"

"माज्या गुडघ्यांचं मी बगते. तू कोयत्याला धार लाव."

आता श्रीगोंद्याकडं उसाच्या फडावर आहे. उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, बसलेय, लेकरू लुगड्याच्या झोळीत निजलंय, पाठ मोडून आलीय. काल नातीचं पत्र आलं. लिहिते, आत्यापण माझ्याशेजारी बसून यस लावते, तिच्या चुका माझ्यापेक्षा कमी निघतात.

ही आत्या म्हणजे माझी थोरली. चौथीत होती. ह्याच मुलाला, नातीच्या बापाला, सांभाळायला मी तिला शाळेतून काढली. ती रडायला लागली, तेव्हा म्हटलं, नाना जाताना सांगून गेलेत, पोरीला जास्त शिकवू नका. तुम्ही असलं काही बोलला नव्हतात. तुम्हाला जाऊन वर्ष झालं होतं आणि मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही. ती अजून तुमच्यावरच राग धरून आहे. तिला खरं सांगायचं माझ्यानं झालेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण हा कागद कुठं जायचा नाही.