नेम धरायचा नाही

सायलेशियाची छावणी, १७५७

तीर्थरूप बाबांना लोरेन्झचा नमस्कार.

मी बरा आहे. पाव वेळेवर मिळतो. आईचा खोकला थांबला का?

तुम्ही मला श्वास रोखून नेम धरायला शिकवलंत. इथे नेम धरला, तर हवालदाराने पाठीत छडी घातली. म्हणाला, "अरे शिकाऱ्या, हरीण आहे का ते? समोर माणसांची भिंत आहे, कुणाला तरी लागेलच! भराभर बार काढ!" बाबा, शत्रूसमोरची भिंत आम्हीच आहोत.

बंदुकीच्या दारूची कागदी पुडी दातांनी फाडावी लागते. पुढचे दात नसलेल्याला पलटणीत घेत नाहीत.

धाकट्या योस्टची भरती वसंतात ना? त्याआधी न्हाव्याकडून त्याचे पुढचे दात काढून घ्या. रडेल, पण रडायला घरी असेल.

तुमचा नेमबाज,
लोरेन्झ